‘हिच्याकडे’ हा एक शब्द

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी चौथीच्या वर्गात माझ्या हातून एकतीस खोटी प्रगतिपुस्तके वाटली गेली. वेळ नक्की सांगता येते, कारण मुले एकदम उठली, म्हणजे मधल्या सुट्टीची घंटा झाली असणार, म्हणून मी घड्याळ पाहिले.

खोटी म्हणते, कारण त्यांतले शेरे माझे नाहीत. निवृत्त होऊन सहा वर्षे झाल्यावर शाळेने मला एका सत्रापुरते बोलावून घेतले. वर्गशिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर आहे. अकरा दिवस बसून मी शेरे लिहिले, शाईने. निदान एक वाक्य तरी फक्त त्याच मुलाचे असावे, शेजारच्या बाकावरच्याला लागू पडू नये, एवढीच माझी अट होती. छापून आले ते असे: ‘समाधानकारक.’ ‘प्रगती चांगली.’ ‘अक्षर सुधारावे.’ दुसऱ्याने चघळून टाकलेले तोंडात घातल्यासारखी शिसारी आली.

तरी त्यांतली तीस मी गिळली असती. एक गिळवत नाही.

मुले तिला कायबाई म्हणतात. काहीही विचारले की ती आधी ‘काय?’ म्हणते, म्हणून. वय नऊ. तिच्यासाठी मी लिहिले होते: ‘हिच्याकडे लक्ष देण्याची गरज आहे. हिला कमी ऐकू येते असे दिसते. कानांची तपासणी लवकर करावी.’ छापून आले: ‘लक्ष देण्याची गरज आहे.’

बस. पुढचे सगळे गेले आणि पहिला एक शब्द गळला. त्या एका शब्दाबरोबर दोष आमच्या अंगावरून उतरून त्या पोरीच्या अंगावर चढला. आम्ही तिच्याकडे लक्ष द्यायचे होते. आता तिने आमच्याकडे द्यायचे.

तिने ते वाचले, कागदाची चौकोनी घडी केली आणि माझ्या टेबलाशी आली.

“बाई, मी देते ना लक्ष?”

देते. वर्गात सगळ्यांत जास्त तीच देते. मी बोलत असताना तिची नजर माझ्या तोंडावरून हलत नाही. मी “हो” म्हणाले, पण तिच्या हातात छापील कागद होता आणि माझ्याकडे नुसते तोंड.

मी शिकले त्या कॉन्व्हेंटात मोठ्या सिस्टर आमच्याकडून रोज संध्याकाळी एक ओळ लिहून घ्यायच्या: आज माझ्याकडून काय चुकले. दुसऱ्याचे नव्हे, माझ्याकडून. ती सवय अजून आहे, म्हणून ही वही. आजची चूक: कागद वाटण्याआधी वाचले नाहीत.

बुधवार, ५ नोव्हेंबर

कार्यालयात गेले. कारकून माझ्या वेळेपासूनचा आहे. केस गेले, बाकी काही बदललेले नाही.

“बाई, तुमचं लिखाण सुंदरच होतं,” तो म्हणाला. “पण संगणकात लिहायला जागा नाही. चोवीस वाक्यं आहेत तयार. त्यांतलं एक निवडायचं.”

“मग माझ्या तीन वाक्यांचं काय केलंत?”

“जवळचं शोधलं. तुमच्यात ‘लक्ष देण्याची गरज आहे’ होतंच की. जवळजवळ सगळं जुळलं. फक्त सुरुवात नाही जुळली.”

“उद्या डॉक्टरांनी ‘विष देऊ नये’ लिहिलं आणि शेवट जुळला नाही, तर तुम्ही काय द्याल?”

“बाई, तुम्ही काही बदलला नाहीत,” असे म्हणून तो हसला. मला हसू आले नाही.

मग मुख्याध्यापिका. चांगली शिकलेली, नीटनेटकी बाई, पण बोलते संगणकाच्या पडद्याशी. हल्ली ओठ न हलवता बोलायची पद्धतच निघाली आहे. तीन वेळा “जरा मोठ्यानं बोला” म्हणावे लागले, तेव्हा कुठे पुढचे कळले. ज्यांच्या शेऱ्याच्या शेवटी ‘गरज आहे’ आले, ती मुले सोमवार, चोवीस तारखेपासून जोडवर्गात, म्हणजे मागे पडलेल्यांच्या वर्गात, जाणार. जोडवर्ग मागच्या इमारतीत आहे, पाण्याच्या पंपाला लागून. यादी वीस तारखेला लागेल.

“तिथं मुलं कमी असतात, बाई. शांतपणे शिकता येतं.”

“पंपाशेजारी?”

“आवाजाची सवय होते हो.”

“ज्या मुलीला मुळात कमी ऐकू येतं, तिला तुम्ही पंपाशेजारी बसवणार. एवढं करण्यापेक्षा तिला घरीच का नाही ठेवत?”

“तिला ऐकू येत नाही असं कागदावर कुठं आहे?”

“होतं. तुम्ही पुसलंत.”

“बघते मी,” ती म्हणाली. अडतीस वर्षांच्या नोकरीत ‘बघते’ या शब्दाचा अर्थ मी पुरता शिकले आहे. डोळे मिटून घेते, असा.

शिक्षक-खोलीत बसवेना. टेबलावर चहाच्या कपांची गोल गोल वर्तुळे, एकावर एक सुकलेली. भिंतीवर प्लॅस्टिकमध्ये घातलेली पाटी: ‘प्रत्येक मूल वेगळे आहे.’ पाटीच्या चार कोपऱ्यांत चार हसरे चेहरे, चारही अगदी सारखे.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

दोन दिवस इतरांना बोलून झाले. आता माझे.

कायबाईला ऐकू येत नाही हे कळायला मला एक महिना आणि चार दिवस लागले. पहिल्या आठवड्यात मी तिला उभे केले. दुसऱ्या आठवड्यात शेवटच्या बाकावर पाठवले, ‘इथे बसून तुला ऐकायचं नसेल तर तिथे बस’ असे म्हणून. बारा दिवस ती तिथे होती. मान लांब करून बघायची आणि मला वाटायचे, ही शेजारणीच्या वहीत डोकावते.

कळले ते श्रुतलेखनात. तिची वही तपासताना चुका पाहून आधी राग आला. मी ‘पान’ सांगितले तिथे हिने ‘मान’ लिहिले होते. ‘बाप’ तिथे ‘माप’. ‘पोट’ तिथे ‘बोट’. मग दिसले की या सगळ्या चुका प, ब आणि म यांच्याच आहेत. आरशासमोर उभे राहून ही तीन अक्षरे बोलून पाहावीत. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. आणि मधली चार वाक्ये पूर्ण कोरी होती. ती मी फळ्याकडे तोंड करून सांगितली होती.

ती ऐकत नव्हती. माझे तोंड वाचत होती.

एकदा दिसल्यावर मला ते चटकन समजले, कारण मीसुद्धा माणसांच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय ऐकत नाही. ती आमची कॉन्व्हेंटची शिस्त. समोरच्याच्या तोंडाकडे बघून ऐकावे, खिडकीबाहेर नाही. आजकाल कुणाला ही शिस्त नाही म्हणून कुणाचे बोलणे कुणाला कळत नाही. घरातही तेच. वन्सं, म्हणजे माझी नणंद, माझ्याकडे राहतात. आज संध्याकाळी मी वाचत बसले होते तर स्वयंपाकघरातून त्यांनी विचारले, “वहिनी, पान कुठंय?”

“एकशे चौदा,” मी म्हणाले.

थोड्या वेळाने कमरेवर हात ठेवून वाकत वाकत दारात आल्या. “बाम म्हणाले मी, बाम. कंबर धरलीय माझी, आणि तुम्ही आकडे काय सांगता?”

“मग नीट म्हणा ना. अर्धे शब्द खाता तुम्ही.”

“खाते हो. पोट भरत नाही ना,” वन्सं म्हणाल्या आणि बाम घेऊन गेल्या.

आजची चूक: बारा दिवस, शेवटचा बाक.

रविवार, ९ नोव्हेंबर

शाळेत सकाळची प्रार्थना आता कर्ण्यातून येते. कुणीतरी कधीतरी म्हणून ठेवलेली. मुले ओळीत उभी राहून तोंडे हलवतात आणि शिक्षक एकमेकांशी बोलतात. या गोष्टीची मला इतकी घाण वाटते की गुरुवारी मी रांगेतून निघून वर्गात जाऊन बसले. शुक्रवारी मात्र थांबून कायबाईकडे पाहिले. तिचे ओठ सगळ्यांत सुरेख हलत होते. नंतर तिला समोर घेऊन विचारले, “तू प्रार्थनेत काय म्हणतेस?”

“काहीच नाही, बाई. नुसतं तोंड हलवते. सगळे हलवतात.”

आज सुट्टी असल्यामुळे दिवसभर तेच डोक्यात आहे.

मी सिस्टरांच्या धर्मातली नव्हते. त्यांनीही कधी ओढले नाही. पण गुडघे टेकून गप्प बसता येते, आणि त्या गप्प बसण्यात आपल्याकडे कुणाचे तरी लक्ष आहे असे वाटते, हे मला तिथेच मिळाले. ते मी पुढे घरी नेले, लग्नानंतर सासरी नेले, वर्गात नेले. नवरा आजारी होता त्या वर्षी मी कधी नव्हे ते काही मागितले. तो गेला. प्रार्थना मी सोडली नाही, उत्तराची वाट बघणे तेवढे सोडले. म्हणजे तेव्हापासून मीही नुसते तोंड हलवते आहे का? सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, देव ऐकतो, तू फक्त नीट उच्चार कर. ऐकतो हे गृहीत धरून मी पासष्ट वर्षांची झाले. त्याला ऐकू येते का, असा प्रश्न कधी मनात आला नव्हता. या पोरीमुळे आला.

आणि दुसरा प्रश्न असा: तो सगळे ऐकत असेल तर त्याच्या नावाने चाललेला तो कर्णा त्याला कसा सहन होतो?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

हे लिहायला नको होते असे वाटते. म्हणूनच लिहिते.

ती चोवीस वाक्ये कुणी रचली ते शोधून काढायचे आणि त्या माणसाला तोंडावर विचारायचे, असे ठरवून मी कार्यालयात गेले. कारकून आधी कागद चाळत राहिला.

“राहू द्या ना, बाई.”

“नाव सांगा.”

“तुमचीच आहेत.”

मला वाटले मी चुकीचे ऐकले. त्याने मान वर करून पुन्हा सांगितले, सावकाश. तीन वर्षांपूर्वी संगणक आला तेव्हा नमुन्याची वाक्ये हवी होती. जुन्या कपाटातून शेऱ्यांच्या वह्या काढल्या. सगळ्यांत स्वच्छ अक्षर माझे होते, आणि व्याकरणाची एकही चूक नव्हती. “मोठ्या बाई म्हणाल्या, हीच घ्या. तेवीस तुमची आहेत. ‘संगणकात रुची आहे’ हे एक नवीन.”

वह्या मागून घेतल्या. त्या घरी नेता येत नाहीत, म्हणून तिथेच धुळीत बसले. माझे अक्षर खरोखर सुंदर होते. एका वर्षी बेचाळीस मुले. ‘समाधानकारक’ सतरा वेळा. ‘लक्ष देण्याची गरज आहे’ नऊ वेळा. एकाही ठिकाणी ‘हिच्याकडे’ नाही, ‘याच्याकडे’ नाही. नऊ मुले. त्यांतल्या चौघांचे चेहरेही आठवत नाहीत. एक मुलगी मात्र लख्ख आठवते, कारण ती नेहमी बाकावर तिरकी बसायची. मी तिचे नाव ‘तिरकी’ ठेवले होते. वर्ग खूप हसायचा आणि मलाही माझ्या विनोदाचे कौतुक वाटायचे. तिचा डावा कान माझ्याकडे असायचा. हे मला आज कळले, तेहेतीस वर्षांनी.

गेले आठ दिवस ज्या शब्दांची मला शिसारी येत होती ते माझेच उष्टे होते. दोनदा हात धुतले. शाई नव्हती हाताला, धूळ होती, पण दोनदा धुतले.

वन्संना सांगितले. त्या समोर नव्हत्या, मागे कपडे घड्या करत होत्या. काहीतरी म्हणाल्या. पुन्हा विचारायचे त्राण नव्हते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

कायबाईच्या आईला निरोप पाठवला होता. शाळा सुटल्यावर आली. ती धुलाईच्या कारखान्यात काम करते, हाताची कातडी पांढरी पडली आहे. बोलणे मात्र खणखणीत. कितीतरी दिवसांनी कुणाचे बोलणे पहिल्या झटक्यात कळले.

“सांगून सांगून थकले, बाई. एका कानानं ऐकते न् दुसऱ्यानं सोडून देते.”

“पहिल्यातून आत शिरलं तर सोडेल ना. तिला ऐकू कमी येतं.”

“माझी पोरगी बहिरी नाही.” तिचा चेहरा एकदम बंद झाला. “घरी सगळं ऐकते. तुम्हीच लिहून दिलंय, लक्ष देत नाही म्हणून. शेरा वाचला न् रंगपेटी कपाटावर ठेवून दिली. आठ दिवस झाले, हात लावू दिला नाही.”

“घरी तुम्ही एवढ्याच मोठ्यानं बोलता?”

“मग कशी बोलू? दिवसभर यंत्रांपाशी असते. हळू बोलले तर ऐकणार कोण?”

मुलगी आमच्याकडे पाठ करून फळ्यावर खडूने घर काढत होती. मी आईला म्हणाले, “इथूनच तिच्याशी बोला. बाळ झोपलेलं असताना बोलतो ना, तेवढ्याच आवाजात. तिला हवं असेल असं काहीतरी सांगा.”

मी वाट पाहिली. फळ्यावर खिडकी झाली, दार झाले.

“बोला ना,” मी म्हणाले.

“बोलले की. दोनदा बोलले.”

“काय म्हणालात?”

“चल, रंगपेटी देते म्हणाले.”

आई खालीच बसली, मुलांच्या छोट्या बाकावर. गुडघे छातीशी आले. म्हणाली, “‘काय, काय’ करते म्हणून मी मारलंय हिला, बाई. परवा पण मारलं.”

मी शेवटच्या बाकाबद्दल सांगितले. तिला बरे वाटावे म्हणून नव्हे. तिने एकटीने ते वाहू नये म्हणून.

आईने दोनदा बोललेले मलाही ऐकू आले नाही, पण दिवसभर ओरडून तिचा घसा बसला असणार. बाप ट्रकवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. शनिवारी तपासणीला जायचे ठरले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

कानांच्या दवाखान्यात गेलो, तिघी. एक लहान खोली, भिंतींना जाड गाद्या लावलेल्या, मध्ये काच. कानांवर लावायचे ते यंत्र बघून कायबाई आईच्या मागे लपली. म्हणून आधी मी बसले, भिण्यासारखे काही नाही हे तिला दाखवायला. आवाज आला की बटण दाबायचे, एवढेच काम.

तपासणारी मुलगी काचेपलीकडे होती. बराच वेळ तिने यंत्र सुरूच केले नाही. मी खुणेने विचारले, तर ती नुसती मान हलवत राहिली. मग एकदाची बारीक किणकिण सुरू झाली आणि मी दणादण बटण दाबले. कायबाईला हसू आले आणि ती तयार झाली.

निकाल: दोन्ही कानांना दोष. लहानपणी ताप येऊन गेला असावा. यंत्र लावले तर बरेच ऐकू येईल. तोवर पहिल्या बाकावर बसवावे, समोर तोंड करून बोलावे, गोंगाटात बसवू नये. हे सगळे लेखी दिले, शिक्क्यासह. आईने कागद दोन्ही हातांनी धरला होता.

बाहेर पडताना ती मुलगी मलाही एक कागद देऊ लागली, उतरत्या रेघांचा. “मॅडम, तुमचंही एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या.” गिऱ्हाईक वाढवायच्या या रीतीचा मला तिटकारा आहे, पण पोरीसमोर वाद नको म्हणून घेतला. या वहीत खूण म्हणून ठेवला आहे.

वन्संनी खूण कुठे आहे ते बघायला म्हणून वही हातात घेतली आणि तो कागद बराच वेळ वाचला. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि विचारले, “चहा करू का?” इतके स्पष्ट की मला नवल वाटले.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज आनंदाची नोंद, वहीला सवय नसली तरी.

तपासणीचा कागद आणि माझी विनंती घेऊन मुख्याध्यापिकेकडे गेले. ती घाईत होती, जिन्याकडे निघालेली. कागद चालता चालता वाचला. मी मागून विचारले, “मग? शेरा बदलणार की नाही? पोरीला जोडवर्गातून काढणार की नाही?”

जिन्यात दुसरीची मुले उतरत होती, कलकलाट. ती पुढे चालता चालता म्हणाली, “बदलता येणार...” आणि आणखी काहीतरी, आणि शेवटी “सत्रात बघू.” मी “धन्यवाद” म्हणाले. तिने वळून माझ्याकडे जरा विचित्र पाहिले. धन्यवाद ऐकायची सवय नसेल.

सुट्टीत कायबाईला समोर उभे करून सांगितले, शेरा बदलणार, तू इथेच राहणार, पहिल्या बाकावर. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पुन्हा म्हणा.” मी पुन्हा म्हणाले. तिने “काय?” म्हटले नाही. आईच्या कारखान्यावरही निरोप पाठवला. रंगपेटी गुरुवारी रात्रीच खाली आली आहे म्हणे.

वन्संना समोर बसवून सगळे सांगितले. (त्या हल्ली समोर येऊनच बोलतात. उशिरा का होईना, शिकल्या.) त्यांनी विचारले, “त्या नक्की काय म्हणाल्या, वहिनी? सगळं वाक्य?”

“बदलता येणार.”

“आणि पुढे?”

“पुढे काय असणार?”

त्या उठून आत गेल्या. माझ्या आनंदात भाग घेणे वन्संना कधीच जमले नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

यादी लागली. कायबाईचे नाव तिसरे.

माझ्याआधी तिनेच पाहिले. वर्गात आली, पहिल्या बाकावरचे दप्तर उचलले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. मी सांगितले नव्हते. रडली असती तर मला सोसले असते. तिने मला साधे विचारलेही नाही. तिने माझे तोंड वाचले होते, नीट वाचले होते, आणि त्या तोंडाने तिला खोटे सांगितले होते.

मी तासावर मुलांना एकटे सोडून मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेले. अडतीस वर्षांत कधी वर्ग सोडला नव्हता.

“तुम्ही मला शब्द दिला होता.”

“कधी, बाई?”

“सोमवारी. जिन्यापाशी. बदलता येणार म्हणालात.”

“बदलता येणार नाही म्हणाले मी. नोंद वरच्या कार्यालयात गेली आहे, पुढच्या सत्रात बघू, असं म्हणाले.”

“‘नाही’ म्हणाला नाहीत. मी माझ्या कानांनी ऐकलंय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. पहिल्यांदाच पडदा सोडून माझ्याकडे. मग खुर्चीवरून उठून टेबलाला वळसा घालून माझ्या पुढ्यात आली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “बाई, मी ‘नाही’ म्हणाले होते. तुम्ही धन्यवाद म्हणालात, तेव्हा मलाच कळेना.”

लहान मुलाशी बोलावे तशी बोलत होती. इतका अपमान माझा या शाळेत कुणी केला नव्हता. खोटे बोलायचे, आणि वर दया दाखवायची.

घरी येऊन वन्संना म्हणाले, “उद्या ती म्हणेल मी असं म्हणालेच नव्हते. या लोकांच्या तोंडी शब्दाला काडीची किंमत नाही.”

वन्संनी माझा हात हातात घेतला, जे त्या त्यांचा भाऊ, माझा नवरा, गेला तेव्हापासून करत नाहीत. “लेखीच मागा, वहिनी. इथून पुढे सगळ्यांकडून लेखीच मागा.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमचे एकमत झाले.

आजची चूक: मुलीला कागद हातात येण्याआधी सांगितले. आता तिला कुणाचेही तोंड वाचावेसे कसे वाटेल?

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज दुपारी दोन वाजता कार्यालयात दिलेल्या पत्राची ही नक्कल. कारकुनाची पोच घेतली आहे. त्याने सही करताना “शाब्बास” म्हटल्यासारखे वाटले. निदान ओठ तरी तसे हलले.

मुख्याध्यापिका यांस,

४ नोव्हेंबर रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी चौथीच्या एका विद्यार्थिनीला जो शेरा देण्यात आला तो मी लिहिलेला नाही. मी लिहिलेल्या शेऱ्यातला ‘हिच्याकडे’ हा शब्द आणि पुढची दोन वाक्ये गाळण्यात आली. त्यामुळे तिच्या कानांचा दोष तिच्या स्वभावाचा ठरला, घरी तिला शिक्षा झाली, आणि आता तिला पंपाशेजारी बसवण्यात येत आहे. दवाखान्याचा शिक्क्याचा कागद सोमवारपासून आपल्याकडे आहे. त्यात ‘गोंगाटात बसवू नये’ असे स्पष्ट लिहिले आहे.

या मुलीला पहिल्या महिन्यात मी स्वतः बारा दिवस शेवटच्या बाकावर बसवले होते. ही माझी चूक आहे आणि तीही शाळेच्या नोंदीत यावी. आपली चूक माझ्यापेक्षा मोठी आहे, कारण मला माहीत नव्हते आणि आपल्याला माहीत आहे.

संगणकातल्या चोवीस वाक्यांपैकी ‘लक्ष देण्याची गरज आहे’ हे वाक्य माझ्या जुन्या वह्यांतून घेतले आहे. ते मी मागे घेत आहे. ज्या नऊ मुलांना ते एका वर्षी दिले त्यांना आता शोधता येणार नाही. पुढे कुणाला ते मिळू नये, एवढे करता येईल. ते यंत्रातून काढून टाकावे, आणि त्या जागी शिक्षकाला हाताने लिहिण्यापुरती एक ओळ कोरी सोडावी.

मुलीचे नाव जोडवर्गाच्या यादीतून काढले की नाही, आणि तिच्या प्रगतिपुस्तकात माझा शेरा जसाच्या तसा, पहिल्या शब्दासह, लिहून मिळणार की नाही, या दोन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी हवीत. ‘बघते’ चालणार नाही. सोमवारी मी तिला चौथीच्या पहिल्या बाकावर बसवणार आहे. तिला तिथून उठवायचे असेल तर शिपायाला पाठवू नये. आपण स्वतः यावे, तिच्यासमोर उभे राहावे आणि तिला दिसेल असे सांगावे.

उत्तर लेखी असावे, सहीसह, आणि सोमवार, २४ नोव्हेंबर रोजी सकाळी पावणेआठ वाजण्यापूर्वी माझ्या हातात मिळावे.